छताला गुलाबी रंग का आला नाही?

वाशीतल्या आमच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावरच्या बाथरूमच्या छताचा पोपडा पडला. वरच्यांची गळती, असं सगळ्यांनी ठरवूनही टाकलं. इंजिनिअर शिडीवर चढला, थोडं काँक्रीट फोडलं आणि त्यावर फिनॉल्फ्थॅलिन फवारलं. शाळेच्या प्रयोगशाळेत अल्कलीला गुलाबी करणारं तेच. आतला भाग गुलाबी झाला, खालचा दोन बोटांचा थर राखाडीच राहिला. सळई नेमकी त्या राखाडी थरात होती.

सिमेंट पाण्याशी संयोग पावलं की चुना सुटतो आणि काँक्रीटचा सामू (पीएच) साडेबारा-तेरापर्यंत जातो. एवढ्या अल्कलीत सळईवर अतिशय पातळ संरक्षक पापुद्रा धरतो आणि ती गंजत नाही. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत झिरपतो, चुन्याचं कॅल्शियम कार्बोनेट करतो आणि सामू 9 च्या खाली आणतो. आमचा राखाडी थर तो हाच. मग पापुद्रा टिकत नाही. खाडीकाठच्या खाऱ्या हवेतल्या क्लोराइडला तर तेवढी वाटही पाहावी लागत नाही. सामू चांगला असतानाही ते पापुद्र्याला भोकं पाडतं. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा व्यापतो. काँक्रीट दाब भरपूर सोसतं, ताण, म्हणजे ओढ, मात्र त्याच्या दहाव्या हिश्शाइतकीच. म्हणून ते आतून फुटतं. 1973 चा ठाणे खाडीवरचा पूलही आतल्या केबल गंजल्याने दुखणाईत झाला आणि 1997 मध्ये शेजारी दुसरा उभा राहिला.

आता खरी गंमत. मिस्त्री पोपडा काढतो, सळईला रंग फासतो, नवा माल भरतो. पण गंजणारा तुकडा एखाद्या बॅटरीच्या टोकासारखा स्वतः झिजून शेजारच्या सळईला वाचवत असतो. तो दुरुस्त झाला की झिजायची पाळी शेजारच्या भागावर येते, आणि पॅचच्या कडेनेच नवा पोपडा सुटतो. म्हणून सळईच्या मागे बोट जाईल इतकं, आणि स्वच्छ लोखंड दिसेपर्यंत फोडायचं. धूळ होते, लोक ओरडतात, इलाज नाही.

नव्या बांधकामात हे सगळं स्वस्तात टळतं. काँक्रीटचं भारतीय मानक आयएस 456:2000 किनारपट्टीच्या उघड्या हवेसाठी सळईवर 45 मिलिमीटर कव्हर, म्हणजे काँक्रीटचा थर, किमान एम 30 ताकदीचं काँक्रीट आणि पाणी-सिमेंट प्रमाण फार तर 0.45 सांगतं. म्हणजे 50 किलोच्या गोणीला साडेबावीस लिटर पाणी. ‘माल सरकत नाही’ म्हणून वर ओतलेलं बादलीभर पाणी पुढे उडून जातं आणि मागे बारीक छिद्रं ठेवतं. तेवढं अंतर राखायला सळईखाली ठेवायच्या ठोकळ्याऐवजी (कव्हर ब्लॉक) खडीचा तुकडा सारणारेही मी पाहिलेत. आणि साध्या सिमेंटलाही किमान सात दिवस भिजवणं लागतंच. कॉलमला गोणपाट गुंडाळून.

आमच्याकडे रंगकामाची कोटेशनं बाजूला पडली. हातोडी वाजवत जिथे पोकळ आवाज आला, तिथे खडूने गोल काढले. चौथ्या मजल्यावर तीन निघाले. तिन्ही जुन्या पॅचच्या कडेला.