डिझेल गाडी अजून परवडते का? बेळगाव-निपाणी पट्ट्यातला हिशोब

गाडी घ्यायची म्हटलं की आमच्या बेळगाव, खानापूर, निपाणी भागात पहिला सल्ला ठरलेला असतोय, "डिझेल घे की ओ, परवडतंय." सांगणारा खोटं सांगत नाही, त्यानं स्वतः दहा-बारा वर्षं डिझेल गाडी पळवलेली असते आणि त्याला ती खरोखर परवडलेली असते. पण ज्या दरात त्याला परवडली ते दर आता राहिलेच नाहीत, आणि लोक अजून त्याच भरवशावर दीड-पावणेदोन लाख जास्त मोजायलेत, तेही कर्ज काढून. घरचा पैसा आहे, म्हणून नीट बसून आकडेमोड करूया.

आधी जुने दर. मे २०१२ मध्ये दिल्लीत पेट्रोल ७३ रुपयांच्या वर गेलं होतं आणि डिझेल होतं ४१ च्या आसपास, म्हणजे लिटरला तीस रुपयांपेक्षा जास्त फरक. पेट्रोलचे दर सरकारनं जून २०१० मध्येच मोकळे सोडले होते, डिझेलला मात्र सरकारचा टेकू होता, कारण ट्रक, बस, ट्रॅक्टर सगळं त्याच्यावर. मग जानेवारी २०१३ पासून डिझेल महिन्याला पन्नास-पन्नास पैसे वाढवत नेलं आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये तेही मोकळं केलं. आता हे लिहिताना इकडं पेट्रोल साधारण १०३ आणि डिझेल ९१ च्या घरात आहे. फरक उरला बारा रुपयांचा. तेव्हा डिझेल पेट्रोलच्या जवळजवळ निम्म्या दरात मिळायचं, आता पेट्रोलच्या रुपयाला डिझेल अठ्ठ्याऐंशी पैसे पडतंय.

दरातला फायदा गेला, पण डिझेलचा दुसरा एक फायदा आहे जो कुठलं सरकार देऊ किंवा काढून घेऊ शकत नाही, तो म्हणजे अ‍ॅव्हरेज. साधारण सारख्याच आकाराच्या दोन गाड्या घेतल्या, पेट्रोलची गावात-हायवेला मिळून लिटरला १४ किमी देत असेल तर डिझेलची १८ देते. हे कशामुळं होतं ते समजून घेण्यासारखं आहे.

यातला निम्मा खेळ तर मापाचा आहे. एक लिटर पेट्रोलचं वजन ७४० ग्रॅमच्या आसपास, आणि एक लिटर डिझेलचं ८३० च्या आसपास. किलोमागं दोघांत ऊर्जा जवळजवळ सारखीच, ४३ मेगाज्यूलच्या आसपास, पण आपण तेल किलोवर घेत नाही, लिटरवर घेतो, म्हणून डिझेलच्या लिटरमध्ये बारा टक्के माल जास्तीचा येतो. उद्या पंपावर किलोनं तेल मिळायला लागलं तर तीच पेट्रोल गाडी किलोला १९ किमी जाईल आणि डिझेल गाडी पावणेबावीस. म्हणजे १४ आणि १८ मधला जो अठ्ठावीस-एकोणतीस टक्क्यांचा फरक दिसतो त्यातला इंजिनाचा वाटा जास्तीत जास्त पंधरा टक्के.

हा वाटा मात्र इंजिन खरोखर कमावतं. पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोल आधीच मिसळून दाबतात, साधारण दहा-बारा पट. त्यापेक्षा जास्त दाबलं तर स्पार्क पडायच्या आधीच मिश्रण आपोआप पेटतं आणि इंजिन ठोके मारायला लागतं, मेकॅनिक त्याला नॉकिंग म्हणतात ते हेच. डिझेल इंजिनात नुसती हवाच दाबतात, पंधरा ते अठरा पट, त्यामुळं पेटायची भीतीच नाही. सायकलच्या पंपानं जोरात हवा भरली की पंपाचं नळकांडं गरम लागतं, तसंच इथं, फक्त इतकं की हवा पाचशे अंशांच्या वर तापते आणि त्यात डिझेलचा बारीक फवारा मारला की तो स्वतःच पेट घेतो, स्पार्क प्लग लागतच नाही. जितकं जास्त दाबायचं तितकं नंतर त्या गरम वायूला पसरायला जास्त जागा मिळते, आणि पसरताना तो पिस्टन ढकलतो, म्हणजे तेवढीच उष्णता पण काम जास्त. रुडॉल्फ डिझेलनं १८९७ मध्ये जर्मनीत जे इंजिन चालवून दाखवलं त्यानं उष्णतेतला २६ टक्के भाग कामाला लावला होता, वाफेची इंजिनं तेव्हा त्याच्या जवळपासही नव्हती. आजची चांगली कारची डिझेल इंजिनं चाळीस टक्क्यांच्या आसपास जातात, पेट्रोलची तीस-पस्तीसच्या.

दुसरी एक गोष्ट आहे ती गावात गाडी चालवणाऱ्याला जास्त लागू होते. पेट्रोल इंजिनात हवा आत जाण्याच्या वाटेवर एक झडप असते. बेळगावच्या खडेबाजारात गाडी मुंगीच्या पावलानं चाललेली असताना ती झडप जवळजवळ बंद असते आणि इंजिनाला त्या फटीतून हवा ओढून घ्यावी लागते, त्यातच पेट्रोल जळत राहतं. डिझेलमध्ये हवा पूर्ण येऊ देतात, फक्त डिझेल कमी सोडतात. म्हणून हळू चालवताना डिझेलचा फायदा उलट वाढतो. (तरीही गावासाठी डिझेल घेऊ नका असं मी पुढं म्हणणार आहे, त्याचं कारण वेगळं आहे.)

पेट्रोलच्या बाजूनं अजून एक गोष्ट धरायला पाहिजे, इथेनॉल. फेब्रुवारी २०२३ मध्ये बेंगळुरात ई-२० पेट्रोलची सुरुवात झाली आणि आता बहुतेक पंपांवर वीस टक्के इथेनॉलवालंच पेट्रोल मिळतं. इथेनॉलच्या लिटरमध्ये ऊर्जा २१ मेगाज्यूल, पेट्रोलच्या लिटरमध्ये ३२, म्हणजे तिसरा हिस्सा कमी, आणि वीस टक्के मिसळलं की टाकीतली एकूण ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी उतरते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही ई-२० साठी न बनवलेल्या चारचाकींना सहा-सात टक्क्यांचाच फटका धरलेला आहे, ई-२० साठीच जुळवून बनवलेल्या नव्या गाड्यांना कमी. इथेनॉलचा ऑक्टेन, म्हणजे आपोआप न पेटता दाब सहन करायची ताकद, जास्त असतो, त्यामुळं इंजिन जास्त दाबाचं बनवलं तर थोडी भरपाई होते, पण जुन्या गाडीला त्याचा काही उपयोग नाही. आपल्या जिल्ह्यात तर हे रोज डोळ्यासमोर घडतंय, गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागं संकेश्वरपर्यंत रांगत जायचं आणि त्याच उसाचा काही भाग डिस्टिलरीतून फिरून आपल्या टाकीत यायचा. ऊसवाल्याला दोन पैसे जास्त मिळावेत हे मला मनापासून पटतं, पण अ‍ॅव्हरेज थोडं पडणार हे धरूनच हिशोब करायचा. वर जे १४ धरलंय ते असं पेट्रोल घालूनच धरलंय, म्हणून इंजिनाचा खरा वाटा वरच्या पंधरा टक्क्यांपेक्षाही कमी भरतो.

आता किलोमीटरचा खर्च. पेट्रोल १०३ भागिले १४, म्हणजे ७ रुपये ३६ पैसे. डिझेल ९१ भागिले १८, म्हणजे ५ रुपये ६ पैसे. वाचले किलोमीटरला २ रुपये ३० पैसे. डिझेलची सर्व्हिसिंग जरा महाग पडते, ऑइल जास्त लागतं, डिझेल फिल्टर वेळेवर बदलावा लागतो, त्याचे किलोमीटरला तीस पैसे धरले तर हातात राहिले दोन रुपये. हा आकडा लक्षात ठेवा, दोन रुपये.

आता जास्तीचे किती मोजले ते बघू, आणि इथं कर्नाटकवाल्यांना एक गोष्ट नडते जी शोरूममध्ये कोणी उलगडून सांगत नाही. आपल्याकडं लाइफटाइम टॅक्स गाडीच्या किमतीवर टप्प्यानं लागतो, पाच ते दहा लाखांत १४ टक्के, दहा ते वीस लाखांत १७ टक्के, आणि त्या टॅक्सवर पुन्हा ११ टक्के सेस. पेट्रोल-डिझेल असा भेद नाही. महाराष्ट्रात भेद आहे, तिकडं डिझेल गाडीला पेट्रोलपेक्षा दोन टक्के जास्त टॅक्स. वरवर बघितलं तर डिझेलवाल्याला कर्नाटक बरं वाटेल. पण समजा एकाच मॉडेलची पेट्रोल गाडी ९ लाख ४० हजाराला आहे आणि डिझेल १० लाख ६० हजाराला. पेट्रोलचा टॅक्स सेस धरून होतो १ लाख ४६ हजार, आणि डिझेल दहा लाखांचा उंबरठा ओलांडते म्हणून तिच्या पूर्ण किमतीवर १७ टक्के लागून होतो २ लाख. गाडीच्या किमतीत फरक १ लाख २० हजार आणि टॅक्समध्येच वर ५४ हजार, एकूण १ लाख ७४ हजार! हाच फरक जर ८ लाख ४० हजार आणि ९ लाख ६० हजार असा असता, तर टॅक्समध्ये फक्त साडेअठरा हजार जास्त गेले असते. त्यामुळं कोटेशन घेताना दोन्ही गाड्यांचा टॅक्स वेगळा मागून घ्या आणि कागदावर शेजारी शेजारी लिहा. आणि टॅक्स वाचवायला कोल्हापुरात पासिंग करून गाडी इथं कायमची वापरायची हा मार्ग नाही, दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली की कायद्यानं इथलं रजिस्ट्रेशन करावं लागतं आणि इथला टॅक्स भरावा लागतो.

हे १ लाख ७४ हजार कर्जात गेले, नऊ टक्क्यांनी पाच वर्षं, तर व्याजासकट होतात जवळजवळ २ लाख १७ हजार. किलोमीटरला दोन रुपये वाचतात, म्हणजे हे पैसे वसूल व्हायला एक लाख आठ हजार किमी गाडी पळायला पाहिजे. वर्षाला १२ हजार किमी पळवणाऱ्याला नऊ वर्षं. टिळकवाडीत राहून मुलांची शाळा, बाजार, रविवारी कधी खानापूर, एवढ्याच वापराची गाडी वर्षाला आठ हजारसुद्धा होत नाही, तिला तेरा वर्षं लागतील, तोवर गाडीच विकलेली असेल. उलट निपाणीहून रोज कोल्हापूरला नोकरीला जाऊन येणारा माणूस रोजचे ऐंशीएक किमी धरले तर वर्षाला २४-२५ हजार काढतो, त्यात सुट्टीचं फिरणं धरलं की तीस हजार. त्याची वसुली साडेतीन वर्षांत, आणि तिथून पुढं वर्षाला साठ हजार रुपये त्याच्या खिशात. त्यानं खुशाल डिझेल घ्यावी. २०१२ च्या दरानं हाच हिशोब केला, गाडीतला फरक लाखभर धरून, तर ४७ हजार किमीच्या आसपासच पैसे वसूल व्हायचे, म्हणून तेव्हा सगळ्यांनाच परवडायची.

गावातल्या गावात चालवणाऱ्यानं डिझेल घेऊ नये याचं पैशापेक्षा मोठं कारण धुराच्या फिल्टरमध्ये आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६, म्हणजे गाड्यांच्या धुराचे कडक नियम, लागू झाले, डिझेल कारच्या काजळीची मर्यादा किलोमीटरला २५ मिलिग्रॅमवरून साडेचारवर आली, आणि त्यासाठी सायलेन्सरच्या वाटेवर डीपीएफ नावाचा जाळीदार फिल्टर बसला. तो काजळी अडवतो आणि मग तीच काजळी जाळून स्वतःला साफ करतो, पण त्यासाठी सहाशे अंशांच्या आसपास उष्णता लागते. हायवेला ती मिळते. गावात पाच-दहा मिनिटांच्या फेऱ्यांत धूर तेवढा तापतच नाही. मग गाडीचा कॉम्प्युटर मुद्दाम थोडं जास्त डिझेल सोडून तापवायला बघतो, तेवढ्यात घर येतं आणि आपण चावी बंद करतो. असं वारंवार झालं की न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून इंजिन ऑइलमध्ये मिसळतं. डिपस्टिक काढून बघा, ऑइलची पातळी कमी व्हायच्या ऐवजी वर चढलेली दिसेल, बोटावर घेतलं तर पातळ लागेल आणि डिझेलचा वास येईल. तसं दिसलं तर ऑइल लगेच बदला, पातळ ऑइलवर इंजिन झिजतं. आणि डीपीएफचा दिवा लागला तर थांबू नका, गाडी काकतीच्या पुढं होनग्याकडं हायवेला काढा, एक गिअर खालचा ठेवून दोन हजार आरपीएमच्या (इंजिनाचे मिनिटाला फेरे) वर वीसेक मिनिटं एका लयीत चालवा, बहुतेक वेळा दिवा जातो. तरीही दुर्लक्ष केलं आणि फिल्टर पुरता चोंदला तर खर्च दोन-चार हजारांत भागत नाही, दहा-दहा हजारांच्या पटीत जातो, आणि वर्षानुवर्षं वाचवलेलं एका फटक्यात निघून जातं. काही मोठ्या गाड्यांना धूर साफ करायला वर युरियाचं पाणीही घालावं लागतं, तो खर्च मात्र किरकोळ.

चोर्ला घाटात डिझेलची ताकद वेगळीच जाणवते, कमी आरपीएमला ओढते, सारखा गिअर खाली टाकावा लागत नाही. त्या सुखासाठी कोणी जास्त पैसे देत असेल तर बिनधास्त द्यावेत, फक्त ते बचतीच्या रकान्यात लिहू नयेत.

राहिला सीमेवरच्या पंपांचा प्रश्न. पूर्वी कर्नाटकात डिझेल चांगलंच स्वस्त होतं, कोल्हापूरकडच्या गाड्या इकडं येऊन टाकी भरून जायच्या. जून २०२४ मध्ये इथला डिझेलवरचा विक्रीकर १४.३४ वरून १८.४४ टक्के झाला, एप्रिल २०२५ मध्ये २१.१७, आणि तो फरक बराचसा संपला. आता समजा पलीकडं लिटरला दोन रुपये स्वस्त मिळालं, तर चाळीस लिटरला ऐंशी रुपये वाचतात. त्यासाठी पंधरा किमी मुद्दाम जाऊन परत आलं तर डिझेल गाडीलाच दीडशे रुपयांचं तेल लागतं, मध्ये टोलनाका आला तर तो वेगळा. ज्याला कामासाठी सीमेवरच्या कोगनोळीच्या पलीकडं जायचंच आहे त्यानं दोन्हीकडचे बोर्ड बघून जिथं स्वस्त तिथं भरावं, बाकीच्यांनी घराजवळच्या पंपावर मशीन शून्यावर आहे की नाही ते बघावं, आणि शंका आली तर पाच लिटरचं माप मागावं, ते मागायचा हक्क प्रत्येक गिऱ्हाईकाला आहे.