दोनशेची की पाचशेची?

दोनशेची नोट १४६ मिलिमीटर लांब असते, पाचशेची १५०. रुंदी दोघींची सारखीच, ६६. डोळसांना रंगावरून नोट कळते, त्यामुळे हा फरक त्यांच्या गावीही नसतो. दृष्टिहीन माणसाला मात्र भाजीवाल्यासमोर उभं राहून ते चार मिलिमीटर बोटांनी चाचपायचे असतात. कडेला उठावाच्या तिरप्या रेघा आहेत, पाचशेवर पाच आणि दोनशेवर चार. पण नोट बरेच हात फिरून आली की त्या झिजतात. नोट ओळखणारं ‘मनी’ नावाचं ॲप रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२० रोजी आणलं. सोय चांगलीच आहे, पण मागे गिऱ्हाईक खोळंबलेलं असताना मोबाइल काढून नोट धरत बसणं सगळ्यांना जमत नाही. मग नोट पुढे करायची आणि हातात येतील ते सुटे पैसे खिशात टाकायचे.

अंधत्व आणि चिंता यांचं नातं मला अशा जागी जास्त दिसतं. डोळे मिटून दोन पावलं टाकून बघणाऱ्या डोळसाला वाटतं, भीती काळोखाची असणार. जन्मापासून किंवा वर्षानुवर्षं न दिसणाऱ्याला काळोखाचं फारसं काही वाटत नाही. काचबिंदूने साठीत नजर गेलेल्याची गोष्ट निराळी, त्याचं काहीतरी नुकतंच हिरावलेलं असतं. नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये दृष्टी अधू झालेल्या ज्येष्ठांची पाहणी झाली. त्यात चिंताविकारांचं प्रमाण समवयस्क डोळसांपेक्षा जास्त निघालं, आणि सर्वाधिक आढळल्या त्या दोन भीती: गर्दीत किंवा घराबाहेर अडकून पडण्याची, आणि चारचौघांत वावरण्याची. दोन्ही बाहेरच्या जगाशी बांधलेल्या.

ते बाहेरचं जग आपल्याशी न्यायाने वागेल का, हा प्रश्न इथे येतो. ज्याला त्याला आपल्या लायकीप्रमाणे मिळतं, या समजुतीचा अभ्यास अमेरिकेत मेल्विन लर्नर यांनी सुरू केला. १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात त्यांनी आणि कॅरोलिन सिमन्स यांनी विद्यार्थिनींना एक दृश्य दाखवलं: एक मुलगी चुकीचं उत्तर देते आणि तिला विजेचा झटका बसतो. झटके खोटे होते, पण बघणाऱ्यांना ते माहीत नव्हतं. तिची सुटका करणं हाती होतं तेव्हा बहुतेकींनी ती केली. छळ पुढेही चालूच राहणार असं सांगितल्यावर मात्र त्या तिलाच नावं ठेवू लागल्या. बिचारीचा काही दोष नसताना हे घडतंय, हे पचवण्यापेक्षा तिच्यातच खोट काढणं सोपं गेलं. आपल्याकडे यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. न दिसणाऱ्या लेकराच्या आईला ‘गेल्या जन्मीचं काहीतरी असणार हो’ असं कुणीतरी सहज ऐकवून जातं, आणि वर ते सांत्वनही समजतं.

हीच समजूत त्या लेकराच्या मनात असेल तर? जर्मन मानसशास्त्रज्ञ क्लाउडिया डालबर्ट यांनी इथे एक उपयोगी फोड केली. ‘जग एकंदरीत न्यायी आहे’ हे मानणं वेगळं, आणि ‘माझ्या वाट्याला बहुधा न्यायच येतो’ हे मानणं वेगळं. मनाच्या स्वास्थ्याशी जास्त घट्ट जोडलेला आढळतो तो हा दुसरा विश्वास. लोक आपल्याला सहसा फसवत नाहीत असं वाटत असेल, तर नोट पुढे करताना छातीत धडधड कमी होणार. न पाहता रोज शेकडो गोष्टी परक्यांवर सोपवणाऱ्याला हा विश्वास केवढ्या कामाचा!

पण यावरून दृष्टिहीनांना ‘मन खंबीर ठेवा, जग चांगलं आहे’ असा उपदेश करायला कुणी निघू नये. विश्वासामुळे चिंता कमी होते, की ज्यांना माणसं बरी भेटली त्यांचाच विश्वास टिकतो, हे दोन्ही गोष्टी एकाच वेळी मोजून ठरत नाही. दृष्टिहीन ग्राहकाला चेकबुक, एटीएम कार्ड, लॉकर नाकारू नका, असं रिझर्व्ह बँकेला जून २००८ मध्ये परिपत्रक काढून बँकांना बजावावं लागलं. सही करता येत असूनही काउंटरवरून रिकाम्या हाताने परतलेल्या माणसाला प्रश्नावलीत विचारलं, ‘तुमच्याशी न्यायाने वागलं जातं असं वाटतं का?’, आणि त्याने ‘नाही’वर खूण केली, तर त्यात स्वभावाचा भाग किती आणि काउंटरवरच्या अनुभवाचा किती, हे त्या खुणेवरून कळत नाही.