घरात व्हीगन स्वयंपाक सुरू करताना

आम्ही सोयाबीनचं दूध आणि टोफू बनवतो. जागा लहान, माणसं मोजकी. जो दूध गाळतो तोच फोनही उचलतो. त्यामुळे ग्राहकांच्या अडचणी आमच्यापर्यंत थेट पोचतात. ‘कॉफीत दूध फाटलं’, ‘टोफूला चवच लागत नाही’, ‘आठवडाभर हौसेनं केलं, मग घरातल्यांनी ताट बाजूला सारलं’, असे फोन सारखे येतात. बोलता बोलता बहुतेक वेळा एकच गोष्ट लक्षात येते. दुधाच्या जागी दुसरं दूध आलं, अंड्याच्या जागी दुसरं काही आलं, पण मूळ जिन्नस त्या पदार्थात कोणतं काम करत होता हे पाहायचं राहून गेलं. ते काम कळलं की अर्ध्याअधिक अडचणी सुटतात. म्हणून हे पत्रक.

व्हीगन म्हणजे प्राण्यांपासून मिळणारं काहीही न घेणं. मांस, मासे, अंडी नाहीतच; दूध, दही, लोणी, तूप, चीज आणि मधही नाही. शब्द जुना नाही. १९४४ साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सोबत्यांना दूधही न घेणाऱ्या शाकाहाऱ्यांसाठी वेगळा शब्द हवा होता. ‘व्हेजिटेरियन’ या इंग्रजी शब्दाची पहिली तीन आणि शेवटची दोन अक्षरं जोडून त्यांनी तो केला, आणि त्याच वर्षी व्हीगन सोसायटीही स्थापन झाली.

पहिला आठवडा

कागद घ्या आणि गेल्या पंधरा दिवसांत घरात काय काय शिजलं ते आठवून लिहा. डाळी, कडधान्यं, भाज्या, भात, सूप यांतले बरेच पदार्थ आधीच व्हीगन असतील किंवा एका जिनसाच्या अंतरावर असतील. फोडणी लोण्याऐवजी तेलाची, शेवटी घातलेली साय वगळली, एवढंच. या पदार्थांपासून सुरुवात करा. घरच्यांना ओळखीची चव मिळते आणि तुमचा हातही बसतो.

पहिल्याच आठवड्यात तयार व्हीगन चीज आणू नका, असं आम्ही कळकळीनं सांगतो. दुधाच्या चीजची नक्कल करणं वनस्पतींना सगळ्यांत अवघड जातं. तिथूनच सुरुवात केली की पहिला घास निराशेचा होतो आणि दोष सगळ्या स्वयंपाकावर येतो.

दुधाबद्दल थोडं सविस्तर

सोया दूध कॉफीत फाटतं ते आंबटपणा आणि उष्णता एकदम भेटल्यामुळे. सोयाबीनची प्रथिनं आम्लात आली की एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात, आणि उष्णता त्या कामाला वेग देते. आम्ही टोफू बनवताना गरम दुधात विरजणासारखा एखादा क्षार घालून मुद्दाम गुठळ्या करतो. कपात तेच नकळत होतं. ताजं दूध असं फाटलं तर ते खराब नसतं, फक्त दिसायला बरं दिसत नाही. उपाय सोपा आहे. थंड दूध उकळत्या कॉफीत ओतू नका. आधी कपात कोमट केलेलं दूध घ्या, कॉफी मिनिटभर निवू द्या आणि मग तिची बारीक धार दुधावर सोडा. कमी आंबट, जास्त भाजलेली कॉफी असेल तर आणखी बरं.

घरी दूध करणाऱ्यांची तक्रार वेगळी असते : कच्च्या सोयाबीनचा उग्र वास. भिजलेला दाणा फुटला की त्यातलं लायपॉक्सिजनेज नावाचं विकर (एन्झाइम) आणि दाण्यातलं तेल एकत्र येतात आणि काही क्षणांत हा वास तयार होतो. नंतर कितीही उकळलं तरी तो पूर्ण जात नाही. म्हणून वाटतानाच ते विकर मारायचं. १०० ग्रॅम सोयाबीन ८ ते १२ तास भिजवा, ते पाणी फेकून द्या, आणि सगळं मिळून साधारण १ लिटर उकळतं पाणी घेऊन वाटा. काचेच्या भांड्यात एकदम उकळतं पाणी ओतू नका. भांडं आधी गरम पाण्यानं विसळून घ्या, थोडं थोडं वाटा आणि झाकण घट्ट बंद करू नका, वाफेला वाट हवी.

मग गाळा आणि उकळा. इथे एक फसगत होते. सोया दूध उकळण्याच्या आधीच फेसाळून वर येतं आणि लोक गॅस बंद करतात. तो फेस म्हणजे उकळी नव्हे. फेस खाली बसवून, ढवळत, खरी उकळी आल्यावर मंद आचेवर आणखी १० ते १५ मिनिटं दूध शिजू द्या. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचं पचन अडवणारे घटक असतात. ते शिजवल्यानं निष्प्रभ होतात, म्हणून इथे घाई नको. उरलेला चोथा टाकू नका. तो शिजवून उकडलेल्या बटाट्यात मिसळला की त्याच्या टिक्क्या चांगल्या होतात.

सगळी वनस्पती दुधं सारखी नसतात. ओटचं दूध तापलं की त्यातल्या पिठूळ अंशामुळे घट्ट होतं. पांढऱ्या सॉसला ते छान. नारळाच्या दुधात स्निग्धता भरपूर, पण खळखळा उकळलं तर तेल सुटतं. बदामाचं बाजारी दूध बहुतेक वेळा पातळ असतं. प्रथिनांच्या बाबतीत सोया दूध गाईच्या दुधाच्या जवळ जातं, १०० मिलिलिटरला साधारण ३ ग्रॅम. बदामाच्या आणि तांदळाच्या दुधात त्याहून खूपच कमी असतात. एक वर्षाखालच्या बाळाला आईच्या दुधाच्या किंवा बाळांसाठी बनवलेल्या दुधाच्या जागी यातलं कोणतंही दूध देऊ नका, आमचंही नाही.

दही लावायला सोया दूधच घ्या. त्यातली प्रथिनं धरून ठेवतात म्हणून ते खरोखर लागतं. विरजण मात्र दुधाच्या दह्याचं नको; आधीचं सोया दही किंवा दूधविरहित विरजणाची पावडर वापरा. दूध ४० ते ४५ अंशांवर असताना विरजा आणि हलवू नका.

टोफूला चव कशी येते

टोफू हा बहुतांश पाणीच असतो, आणि पाण्यानं भरलेल्या जागेत मसाला शिरत नाही. आधी पाणी काढा. फडक्यात गुंडाळून वर जड भांडं ठेवा, अर्धा तास. किंवा तुकडे करून फ्रीजरमध्ये रात्रभर ठेवा आणि दुसऱ्या दिवशी वितळवून हातानं पिळा. बर्फ होताना पाण्याचे स्फटिक टोफूत भोकं पाडतात. तो स्पंजासारखा होतो आणि रस्सा पिऊन घेतो. रश्शाच्या भाज्यांना आम्हाला स्वतःला हा प्रकार जास्त आवडतो.

मुरवताना तेल घालू नका. आत ओल आहे, तेल वरच तरंगतं. मीठ, लिंबू, आलं-लसूण, सोया सॉस यांत मुरवा आणि तेल तव्यावर येऊ द्या. तुकड्यांना मक्याचं पीठ नुसतं लावून परतलं तर कड कुरकुरीत होते. कडक टोफू परतायला. मऊ, रेशमी टोफू वाटून सॉसला किंवा गोड पदार्थांना. उघडलेला टोफू पाण्यात बुडवून फ्रिजमध्ये ठेवा, पाणी रोज बदला आणि तीन-चार दिवसांत संपवा. बुळबुळीत लागला किंवा आंबूस वास आला तर टाकून द्या.

अंडं, लोणी, साय

अंडं एकाच पदार्थात चार कामं करतं : बांधतं, फुगवतं, ओल देतं, रंग देतं. बांधायला एका अंड्यासाठी १ मोठा चमचा जवसाची पूड ३ मोठे चमचे पाण्यात १० मिनिटं भिजवा. बुळबुळीत झाली की तयार. फुगवायला सोडा आणि व्हिनेगर. दोन अंड्यांपर्यंतचे केक असे सहज जमतात. ज्या केकचा सगळा डोलाराच अंड्यांवर उभा आहे, तो सुरुवातीला करू नका.

फेटून फेस हवा असेल तर काबुली चणे शिजवलेलं दाटसर पाणी घ्या. २०१४ साली फ्रान्समधल्या जोएल रोसेल यांनी कडधान्यांच्या पाण्याचा असा फेस होतो हे दाखवलं. पुढच्या वर्षी अमेरिकेतल्या गूस व्होल्ट यांनी नुसतं चण्याचं पाणी आणि साखर फेटून मेरांग (एरवी अंड्याच्या पांढऱ्याच्या फेसाचा होणारा गोड पदार्थ) केलं आणि त्या पाण्याला ‘अ‍ॅक्वाफाबा’ नाव दिलं. एका अंड्याला साधारण ३ मोठे चमचे पुरतात. पाणी पातळ असेल तर आटवून गार करा, मगच फेटा. अंड्याचा वास हवा असेल तर काळं मीठ. त्यातल्या गंधकामुळे तो येतो. गॅस बंद केल्यावर घाला.

लोण्यात साधारण ८० टक्केच स्निग्धांश असतो, बाकी बहुतेक पाणी. म्हणून केकमध्ये १०० ग्रॅम लोण्याच्या जागी १०० ग्रॅम तेल घातलं की केक तेलकट होतो. ८० ग्रॅम तेल आणि मोठा चमचाभर सोया दूध घ्या. सायीसाठी काजू चार तास भिजवून अगदी गुळगुळीत वाटा. काजूत स्टार्च असतो, त्यामुळे गरम झाल्यावर ती आणखी घट्ट होते. रश्शात घालताना पाणी हाताशी ठेवा.

‘काहीतरी कमी आहे’

पदार्थ बरोबर झाला, मीठही बरोबर, तरी जीभ समाधानी नाही. बहुतेक वेळा कमी पडते ती उमामी ही चव. १९०८ साली जपानमध्ये किकुनाए इकेदा यांनी समुद्री शेवाळाच्या रश्शातून ग्लुटामेट हा घटक वेगळा करून ही चव ओळखली. मांसात आणि मुरलेल्या चीजमध्ये ती भरपूर असते. वनस्पतींत ती आटवलेल्या टोमॅटोत, सुक्या मशरूममध्ये, सोया सॉसमध्ये आणि न्यूट्रिशनल यीस्टच्या (चवीसाठी वापरतात त्या वाळवलेल्या, निष्क्रिय यीस्टच्या) पापुद्र्यांत मिळते. कांदा तांबूस होईपर्यंत परतणं, टोमॅटो तेल सुटेपर्यंत शिजवणं ही कामं व्हीगन स्वयंपाकात टाळू नका.

कडधान्यं भिजवलेलं पाणी टाकून दिलं तर पोट फुगणं कमी होतं. दाणे शिजतच नसतील तर पाणी जड असेल किंवा टोमॅटो, चिंच आधी पडली असेल. आंबट नेहमी दाणा मऊ झाल्यावर. राजमा मात्र कधीही नुसत्या मंद आचेवर शिजवू नका. त्यातलं लेक्टिन नावाचं प्रथिन अर्धवट तापलं तर उलट्या-जुलाब होतात. भिजवा, पाणी फेका, ताज्या पाण्यात निदान १० मिनिटं खळखळून उकळा आणि मग पुढे मऊ होईपर्यंत शिजवा.

बी १२ पहिल्या दिवसापासून

आमचा माल विकत घ्या किंवा घेऊ नका, पण हा परिच्छेद वाचा. बी १२ हे जीवनसत्त्व वनस्पती तयार करत नाहीत, काही जीवाणूच करतात. पालेभाज्या, स्पिरुलिना (निळं-हिरवं शेवाळ), आंबवलेले पदार्थ यांवर त्यासाठी विसंबता येत नाही. शरीरातला साठा काही वर्षं पुरू शकतो, म्हणून सुरुवातीला काहीच जाणवत नाही; आणि जाणवतं तेव्हा मज्जातंतूंना झालेली इजा कधी कधी भरून येत नाही. व्हीगन सोसायटीचा प्रौढांसाठी सल्ला असा : बी १२ घातलेले पदार्थ रोज दोन-तीनदा खाऊन निदान ३ मायक्रोग्रॅम, किंवा रोज १० मायक्रोग्रॅमची गोळी, किंवा आठवड्याला २००० मायक्रोग्रॅम. एका वेळी शरीर थोडंच शोषतं, म्हणून आठवड्याचा आकडा एवढा मोठा. गरोदर स्त्रिया, मुलं आणि आधीपासून औषधं घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारावं.

लोहासाठी डाळी-कडधान्यांवर लिंबू पिळा; क जीवनसत्त्वामुळे ते जास्त शोषलं जातं. चहा-कॉफी जेवणाला लागून घेऊ नका. कॅल्शियम घरी केलेल्या सोया दुधात फारसं नसतं. वरून घातलेलं असेल तर तसं वेष्टनावर लिहिलेलं असतं, आणि ते तळाशी बसतं, म्हणून बाटली हलवून मगच ओता. कॅल्शियम सल्फेटनं लावलेल्या टोफूत ते चांगलं मिळतं. मीठ आयोडीनयुक्त घ्या. रोज चमचाभर जवसाची पूड किंवा थोडे अक्रोड ओमेगा ३ साठी.

वेष्टन वाचताना

व्हे, केसीन, लॅक्टोज हे दुधाचे अंश. जिलेटिन प्राण्यांच्या कातडी-हाडांतून येतं. त्याच्या जागी अगर-अगर चालतं, पण ते मिनिट-दोन मिनिटं उकळावं लागतं. ई १२० हा किड्यांपासूनचा लाल रंग, ई ९०४ म्हणजे लाख, तीही किड्यांपासूनचीच. डी ३ जीवनसत्त्व बरेचदा लोकरीच्या मेणापासून काढतात. दगडफुलाच्या जातीतल्या लायकेनपासून केलेलंही मिळतं. ‘दूधविरहित’ लिहिलेल्या पदार्थात अंडं असू शकतं. ‘दुधाचा अंश असण्याची शक्यता’ ही सूचना ॲलर्जी असणाऱ्यांसाठी असते. एकाच यंत्रावर दोन पदार्थ होतात, म्हणून ती छापतात. सोयाबीन आणि काजू यांचीही काहींना तीव्र ॲलर्जी असते, पाहुण्यांना वाढण्याआधी विचारून घ्या.

काही बिघडलं तर आम्हाला फोन करा. फोन करताना कोणता पदार्थ, दूध किंवा टोफू केव्हा घातला, तेव्हा आच किती होती आणि आंबट काय होतं, एवढं सांगा. बाटलीवरची तारीखही वाचून दाखवा, म्हणजे चूक आमच्याकडून झाली असेल तर ती आम्हाला शोधता येते.