पॅम्पूटी

पॅम्पूटी : आयर्लंडच्या पश्चिमेस, गॉलवे उपसागराच्या मुखाशी असलेल्या अ‍ॅरन बेटांवरील न कमावलेल्या कातड्याचे पारंपरिक पादत्राण. आयरिश भाषेत त्यास ‘ब्रोग ऊरलॅहर’ म्हणजे कच्च्या कातड्याचा जोडा असेही म्हणतात.

गाईच्या कातड्याचा एकच तुकडा, केसाळ बाजू बाहेर ठेवून, चवड्यावर व टाचेभोवती मासेमारीच्या दोरीने आवळतात आणि दोरीची टोके पावलावर बांधतात. वेगळा तळ किंवा उंच टाच नसल्याने चुनखडकाच्या धारदार कपाऱ्यांवर पायाची पकड चांगली राहते. नाटककार जॉन मिलिंग्टन सिंग १८९८ मध्ये प्रथम बेटांवर गेला. त्याचे बूट खडकांवर फाटल्याने बेटकऱ्यांनी त्याला पॅम्पूटी करून दिली, असे त्याच्या १९०७ मधील प्रवासग्रंथात आहे. कातडे वाळले की कडक होऊन पायाला कापते, म्हणून रात्री ही पादत्राणे पाण्यात ठेवीत आणि दिवसाही लोक मुद्दाम लाटांत पाय भिजवीत, हेही त्यानेच नोंदविले आहे.

नावाची व्युत्पत्ती वादग्रस्त आहे. पूर्वेकडील सफरी केलेल्या व पुढे बेटांवर स्थायिक झालेल्या एका जहाजकप्तानाने हा शब्द आणला, अशी आख्यायिका असून तिच्या आधारे काहींनी त्याचा संबंध फार्सी ‘पापोश’ (पा = पाय, पोश = आच्छादन) या शब्दाशी जोडला आहे. फ्रेंच ‘बाबूश’ आणि मराठी ‘पायपोस’ हे त्याच फार्सी शब्दाचे वंशज होत. मराठीत ‘पा’चा ‘पाय’ झाल्याने शब्द देशी वाटतो, इतकेच. तथापि ‘पॅम्पूटी’तील ‘म’ व ‘ट’ या ध्वनींचा उलगडा या व्युत्पत्तीने पुरेसा होत नाही. त्यामुळे ती संभाव्य, पण असिद्ध मानणे इष्ट.

नाव परके ठरले तरी वस्तू परकी ठरत नाही. एकाच तुकड्याची प्राचीन पादत्राणे आयर्लंडच्या दलदलींत सापडली असून ए. टी. लुकास यांनी १९५६ मध्ये आयरिश पादत्राणांवरील निबंधात अशा जोड्यांचे प्रकार ठरविले. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील शेटलंड बेटांवरील ‘रिव्हलिन’ हाही कच्च्या कातड्याचाच जोडा आहे. हे साम्य पाहता घडणीचे तंत्र उत्तर अटलांटिक किनाऱ्यावर जुने असावे आणि नाव त्याला मागाहून चिकटले असावे, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

विसाव्या शतकात कारखानी बूट रुळल्यावर पॅम्पूटीचा रोजचा वापर ओसरला.