लगेच खाल्लं म्हणजे उतावीळ?

'एक मार्शमेलो (मऊसर गोड खाऊ) आत्ता, थांबलास तर दोन. थांबलेली मुलं यशस्वी झाली, उतावळी मागे पडली.' पालकांच्या ग्रुपवर हे वर्षानुवर्षं फिरतंय. मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांचा अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातला हा प्रयोग खराच, पण ती मुलं विद्यापीठाच्याच बालवाडीतली. २०१८ साली वेगवेगळ्या थरांतल्या ९०० हून अधिक मुलांच्या माहितीवर तो पुन्हा तपासला, तेव्हा थांबण्याचा पुढे शाळेतल्या अभ्यासातल्या प्रगतीशी असलेला संबंध निम्म्यावर आला. घरची परिस्थिती धरल्यावर तर जेमतेम उरला.

उतावीळपणा म्हणजे परिणामाचा विचार न करता केलेली कृती. पण डब्यातला लाडू संध्याकाळपर्यंत उरेल याची खात्री नसलेलं पोर हातातला आधी संपवतं, तो उतावीळपणा कसला? मला तर तो चोख हिशेब वाटतो.