‘थांब’ वेळेवर पोहोचायला हवं

हिंगणा एमआयडीसीतल्या एखाद्या छोट्या वर्कशॉपमध्ये २५ वर्षांचं सीएनसी मशीन, म्हणजे प्रोग्रामवरून धातू कापणारं यंत्र, अजूनही माप चोख धरतं. आधी थकतो तो शेजारचा संगणक. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांकडे सरकतो, पत्र्याखाली पॉवर सप्लाय उडतो. नवा संगणक आणला, तर मशीनला प्रोग्राम पाठवणारं जुनं सॉफ्टवेअर त्यावर उघडत नाही. ते १६ बिटचं असलं, तर ६४ बिट विंडोज त्याला दारातही उभं करत नाही.

अशा वेळी विंडोजऐवजी लिनक्स ही मुक्त ऑपरेटिंग सिस्टीम घेऊन, तिच्यावर विंडोजचे प्रोग्राम चालवणारी ‘वाईन’ बसवून पाहावी. हा मुक्त प्रकल्प १९९३चा, आवृत्ती १.० यायला २००८ उजाडलं. इतकी वर्षं का लागली? प्रोग्राम विंडोजकडे सतत काहीतरी मागत असतो: फाईल उघड, खिडकी दाखव, पोर्टवर ही अक्षरं पाठव. अशा हजारो मागण्या. वाईन त्या ऐकते आणि काम लिनक्सकडून करून घेते. प्रोसेसरला मिळणाऱ्या सूचना तशाच राहतात, म्हणून वेग सहसा फारसा घटत नाही.

आपला जीव अडकलेला असतो तो सिरीयल पोर्टमध्ये, म्हणजे मशीनला एकामागून एक अक्षरं पाठवणाऱ्या जोडणीत. ९६०० बॉडला, म्हणजे सेकंदाला ९६०० बिटच्या वेगाला, एका अक्षरामागे १० बिट धरले, तर सेकंदाला ९६० अक्षरं जातात. मशीन हलवणाऱ्या जुन्या कंट्रोलरची मेमरी तुटपुंजी, त्यामुळे मोठा प्रोग्राम काम चालू असतानाच थोडा थोडा पाठवतात. आलेली अक्षरं तात्पुरती ठेवायची जागा, म्हणजे बफर, भरत आला की मशीन १९ क्रमांकाचं अक्षर पाठवून ‘थांब’ म्हणतं, जागा झाली की १७ पाठवून ‘चल’. संगणकाला सिरीयल पोर्ट नसलं की लावतात त्या यूएसबी अडॅप्टरमध्ये मात्र काही अक्षरं आधीच वाटेला लागलेली असू शकतात. ‘थांब’ पोहोचेपर्यंत ती मशीनवर आदळतात आणि एखादं गळतं. मशीनने अलार्म दिला तर बरं. पण ‘एक्स ५०.०’ मधलं टिंबच गळलं, तर उरतात ५००, आणि मायक्रॉनमध्ये (मिलिमीटरच्या हजाराव्या भागात) मोजणारा कंट्रोलर ५० मिलिमीटरऐवजी अर्धा मिलिमीटर वाचतो. टूल भलतीकडेच जातं, आणि शेजारी माणूस उभा असतो. म्हणून माझा आग्रह संगणकात बसणाऱ्या सिरीयल कार्डाचा आणि केबलमध्ये आरटीएस-सीटीएस या ‘थांब-चल’ सांगणाऱ्या तारांचा: तिथे ‘थांब’ची स्वतंत्र तार असते.

प्रिंटर पोर्टचा डोंगल (सॉफ्टवेअरची परवाना-किल्ली) किंवा खास ड्रायव्हर मागणारं कार्ड असेल, तर वाईन बहुतेक वेळा हात टेकते. तिथे जुना संगणकच दुरुस्त करून घ्यावा.

पोर्ट जुळलं, की जॉब लावायच्या आधी कंट्रोलरचे पॅरामीटर, म्हणजे त्या मशीनच्या जुळणीचे आकडे, त्याच तारेने बाहेर काढून फाईलमध्ये ठेवा. बऱ्याच जुन्या मशीनमध्ये ते एका छोट्या बॅटरीवर तग धरून असतात.