मनोरुग्णालयाच्या दारातले कागद

१९१२ च्या इंडियन लुनसी ॲक्टखाली एखाद्याला वेड्यांच्या इस्पितळात ठेवायचं तर नातेवाइकांनी मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करायचा, सोबत दोन डॉक्टरांचे दाखले जोडायचे, मग ‘रिसेप्शन ऑर्डर’, म्हणजे दाखल करून घेण्याचा हुकूम, निघायची. स्वतःहून उपचाराला आलेल्यालाही दोन व्हिजिटर्सची, म्हणजे इस्पितळावर देखरेखीसाठी नेमलेल्या माणसांची, संमती लागे. शहाण्या माणसाला कोणी डूख धरून आत कोंडू नये, ही त्यामागची भीती. इंग्लंडच्या १८९० च्या कायद्यामागेही तीच होती. भीती खोटी नव्हती, पण तिच्यापायी आजारी माणूस डॉक्टरच्या आधी कचेरीत पोचू लागला.

ही चाकोरी मोडून दाखवली ती कायद्याने नव्हे, एका डॉक्टरने. १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकून नातेवाइकांना रुग्णासोबत राहू दिलं. घरचं माणूस रोज उपचार पाहायचं, शिकायचं. त्यामुळे रुग्ण लवकर घरी जात, आणि घरी गेल्यावर काय करायचं हे घरच्यांना ठाऊक असे. सरकारी व्यवस्थेत परिणाम कशाने सुधारतात, याचं याहून सरळ उदाहरण मला तरी माहीत नाही.

१९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला. कर्नाटकातल्या बळ्ळारी जिल्ह्यात बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या डॉक्टरांना शिकवून औषधोपचार गावाजवळ नेले. त्याच धर्तीवर १९९६ पासून जिल्हा कार्यक्रम सुरू झाला. पण मंजूर पैसा वेळेत खर्च होईना, मनोविकारतज्ज्ञांच्या जागा भरेनात. बळ्ळारीतलं काम फाइलीतून इतर जिल्ह्यांत नेताना त्यातली माणसंच गळाली.

मधल्या काळात १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा झाला. तो लागू व्हायला १९९३ उजाडलं. खासगी मनोरुग्णालयांना परवान्याची अट त्यात होती. तरी ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतल्या एरवाडीत, दर्ग्याजवळच्या एका खासगी निवाऱ्याला आग लागली आणि साखळदंडाने बांधलेले २८ रुग्ण दगावले. अट होती, ती पाळली जाते का हे पाहायला मात्र कोणी फिरकलं नव्हतं. लालफितीवर चिडणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावं: तिथे कागद कमीच पडला होता.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात, विकारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्णांना उपचारच मिळत नसल्याचं दिसलं. २०१७ च्या नव्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचार हा हक्क ठरवला आणि दाखल करण्यातून मॅजिस्ट्रेटला बहुतांशी बाजूला केलं. संमती देण्याच्या स्थितीत नसलेल्या रुग्णाला त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीच्या, म्हणजे त्याच्या वतीने निर्णयात मदत करणाऱ्या माणसाच्या, अर्जावर ३० दिवसांपर्यंत ठेवता येतं. मात्र अशा दाखल्यांवर नजर ठेवणाऱ्या मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला सात दिवसांत, स्त्री किंवा अल्पवयीन असल्यास तीन दिवसांत कळवावं लागतं. मुक्काम लांबला तर मंडळाची परवानगी हवी.

म्हणजे कागद आहेतच, फक्त आता ते रुग्णाच्या बाजूने आहेत. अडचण अशी की अनेक राज्यांनी ही मंडळं नेमायलाच वर्षं घालवली. २०२२ मध्ये टेली-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी फोनसेवा सुरू झाली. १४४१६ वर फोन करायला अर्ज लागत नाही, दाखला लागत नाही. पण फोनवर भागत नाही अशा रुग्णाला पुढे पाठवायचं ते जिल्ह्यातल्याच सरकारी यंत्रणेकडे.